पऱ्हाट्यांचा धूर आणि तुझी प्रश्नावली

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

अमळनेर तालुक्यातल्या गावांमधून भरून आलेली तुझी प्रश्नावली वाचली. ‘पर्यावरण जपलं पाहिजे’ या वाक्यापुढे जवळपास सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली आहे आणि त्याच लोकांच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या, पेटलेल्या तू पाहिल्यास. त्यावरून लोक दुटप्पी आहेत, असं तू लिहिलंस. हे वाक्य प्रबंधातून काढून टाक. ते कठोर आहे, त्याहून वाईट म्हणजे चुकीचं आहे.

मानसशास्त्रज्ञ आइजेक एजेन यांची १९९१ मधली मांडणी तू अभ्यासली आहेस. माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते तीन गोष्टींच्या जोरावर: त्याचं स्वतःचं मत, आपल्या माणसांची अपेक्षा आणि हे आपल्याला जमेल का याचा त्याचा अंदाज. तुझे सगळे प्रश्न पहिल्या गोष्टीभोवती फिरतात. खान्देशात गाडं अडतं ते तिसऱ्या गोष्टीवर.

पऱ्हाट्या का जळतात ते शेतकऱ्याच्या बाजूने बघ. गुलाबी बोंडअळी पिकाच्या अवशेषांत दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. म्हणून कृषी विभागच सांगतो, फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी राखून घेतलेलं जादा पीक) घेऊ नका, कपाशी वेळेत काढा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. काडीपेटी एका मिनिटात काम करते. श्रेडरने बारीक करून कुजवायचं तर यंत्र हवं, ट्रॅक्टर हवा, भाड्याचे पैसे हवेत आणि रान मोकळं करायची घाई असताना आपली पाळी यायला हवी. पेटवणारा माणूस त्याच्या हिशेबाने पीकच वाचवत असतो. त्याला ‘तुम्ही प्रदूषण करता’ म्हटलंस की त्याला ऐकू येतं, ‘तुम्ही वाईट शेतकरी आहात’. पुढचं काही तो ऐकत नाही.

तू भीती दाखवणारी पोस्टर लावायचं म्हणतेस. येल विद्यापीठात १९६५ मध्ये हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती दिली, काहींना फार भयंकर चित्रांसह. घाबरलेल्यांचं लसीबद्दलचं मत बदललं, पण लस घ्यायला सुमारे ३ टक्केच गेले. ज्यांना दवाखान्याचा नकाशा देऊन ‘तू कधी जाशील ते ठरव’ असंही सांगितलं, त्यांतले २८ टक्के गेले. दवाखाना कुठे आहे हे बहुतेकांना आधीच माहीत होतं, हे विशेष. आपल्याकडे नकाशा म्हणजे श्रेडर कुणाकडे आहे, एकराला किती घेतो, कोणत्या आठवड्यात मोकळा आहे. पोस्टरवर काळवंडलेल्या फुफ्फुसाच्या चित्रापेक्षा हे छाप.

आता आरोग्याचं. धुराबद्दल ‘आमले काई व्हत नही’ (आम्हाला काही होत नाही) हे उत्तर तू अज्ञानात मोजलंस. आपल्यावरचं संकट इतरांपेक्षा कमी आहे असं वाटणं हा शिकल्यासवरलेल्यांतही आढळणारा स्वभाव आहे. नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये तो दाखवला तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांतच. शिवाय माणसं धोका कसा जोखतात याचे अभ्यासक पॉल स्लोविक सांगतात तसं, ओळखीचा आणि आपण होऊन पत्करलेला धोका माणसाला लहान वाटतो. चुलीच्या धुराइतकं ओळखीचं दुसरं काय आहे? ज्या पऱ्हाट्या शेतात जळत नाहीत, त्यांतल्या कितीतरी चुलीत जातात, आणि तो धूर छपराखाली कोंडतो. तुझी उत्तरं बहुतेक पारावर बसलेल्या पुरुषांची आहेत. चुलीपाशी बसून डोळे पुसणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नाही. तू विचारू शकतेस, तुला स्वयंपाकघरात प्रवेश आहे. मला वाटतं, तुझ्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची माहिती तिथेच मिळेल.

आकडे सांग, पण जपून. जळगाव शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची आपल्या देशातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. हे प्रबंधात ठेव. बाईशी बोलताना मात्र नातवाचा खोकला रात्री वाढतो का, एवढंच विचार, आणि तिच्या बोलीत विचार. गॅस असूनही चूल का पेटते, तेही विचार. सिलिंडरचा भाव ती तुला बरोबर सांगेल.

दुसरी गोष्ट, आपल्या माणसांची अपेक्षा, समजून घ्यायची तर साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी गावाला जाऊन ये. तिथे चैत्राम पवारांसोबत गावाने सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. झाड तोडलं तर दंड, हा नियम गावाने स्वतः केला. विहिरीला पाणी आलेलं सगळ्यांना दिसलं. शेजाऱ्याची नजर आणि विहिरीचं पाणी, दोन्ही एकाच दिशेला ओढू लागली. आदिवासी मुळातच निसर्गप्रेमी म्हणून हे झालं, असं गोड काही लिहून मोकळी होऊ नकोस. नियम कसा ठरला, पहिला दंड कुणी भरला, कोण रुसलं, ते विचार.

प्रश्नावलीतले सहमत-असहमतचे प्रश्न निम्म्यावर आण. त्यांच्या जागी घाल: मागच्या वर्षी पऱ्हाट्यांचं काय केलं? शेजाऱ्याने काय केलं? दुसरं काही करायचं ठरवलं होतं का, आणि कुठे अडलं? डिसेंबर-जानेवारीत जा, कपाशी निघत असते तेव्हा. आणि छापायला देण्याआधी एकदा मला पाठव.

तुझे,
सर