दीड लाखावर मिटवायचे की क्लेम टाकायचा?

खानापूर तालुक्यातले एक वाचक सुतारकाम करतात. वय ३८, महिन्याची कमाई साधारण २०,००० रुपये. अडीच महिन्यांपूर्वी बेळगाव-खानापूर रस्त्यावर ओव्हरटेक करणाऱ्या कारने त्यांच्या दुचाकीला समोरून ठोकले. उजव्या पायाच्या नळीत रॉड आहे. दवाखान्याला १,४०,००० लागले, त्यातले ९०,००० सोसायटीचे कर्ज. कारवाला रोख दीड लाख देतो, पण स्टॅम्पवर सही करून प्रकरण मिटवा म्हणतो. घ्यावेत का, असे ते विचारतात.

कारचा विमा तपासल्याशिवाय सही करू नका. गाडीचा नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकला की विम्याची मुदत दिसते. मात्र पॉलिसी अपघातानंतर काढलेली नाही ना, हे पोलिसांकडच्या प्रतीवर पाहा. पॉलिसी चालू असेल तर भरपाई कंपनी देणार आहे. नसेल तर निकाल लागूनही मालकाच्या मागे फिरावे लागेल. विमा नसेल तरच तडजोड बोलावी, पण दीड लाखावर नव्हे. दवाखान्याचे बिल वजा जाता त्यात उरतात १०,०००!

हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली ड्रायव्हरची चूक सिद्ध न करताही अडीच लाख मिळतात. कलम १६६ खाली चूक दाखवावी लागते, पण रक्कम मोठी होते. डॉक्टरांनी पायाचे अपंगत्व ३० टक्के लिहिले तर आपल्याकडची न्यायाधिकरणे (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारी न्यायालये) बहुधा एक तृतीयांश, म्हणजे सगळ्या शरीराचे १० टक्के धरतात. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; ३६ ते ४० वयाला तो १५. म्हणून २०,००० × १२ × १५ × १० टक्के = ३,६०,०००. त्यात बिले १,४०,००० आणि चार महिन्यांची बुडालेली कमाई ८०,००० धरली की ५,८०,००० होतात. वेदनांची भरपाई वेगळी. उकिडवे बसून काम करणाऱ्या सुताराचे नुकसान १० टक्क्यांहून जास्त आहे, हे डॉक्टरांच्या साक्षीत यायलाच हवे. कमाईला पासबुक, फोनपेच्या नोंदी, गिऱ्हाइकांची बिले जोडा. पुरावा नसला की न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरते.

चूक इथे फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्ध करावी लागत नाही, शक्यतेचे पारडे तुमच्या बाजूला झुकले की पुरे. पण कागद बिघडले की तेही झुकत नाही. सगळ्यात आधी दवाखान्यातली पहिली नोंद काढा. गडबडीत कुणीतरी ‘गाडीवरून पडला’ सांगितलेले असते, आणि कंपनीचा वकील तेवढ्यावरच कार प्रकरणात नंतर घुसवली म्हणतो. मग एफआयआर: कारचा नंबर आहे का, तक्रार उशिरा झाली असेल तर कारण लिहिले आहे का. कागद कन्नडमध्ये असतील तर जाणत्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. महजरचा, म्हणजे जागेच्या पंचनाम्याचा, नकाशा बारकाईने बघा: रस्त्याची रुंदी, धडकेची जागा कडेपासून किती फूट, ब्रेकचे व्रण कुठल्या बाजूला. जागा तुमच्या डाव्या कडेला असेल तर निम्मे काम झाले. आरटीओ निरीक्षकाच्या अहवालात दोन्ही गाड्यांचे नुकसान त्याच्याशी जुळायला हवे. जवळच्या पंपाचे किंवा ढाब्याचे सीसीटीव्ही फुटेज बहुधा पुसले गेले असेल, तरी पोलिसांनी घेतले होते का ते विचारा. तुमचीही २५ टक्के चूक ठरली तर ५,८०,००० चे ४,३५,००० होतात. म्हणजे तरीही देऊ केलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट.

खरी अडचण हप्त्याची आहे, आणि कारवाल्याला ती ठाऊक आहे. सोसायटीत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागा, घरात सोने असेल तर बँकेत गहाण टाका. निकालाला दोन-तीन वर्षे धरून चला. भरपाईवर व्याज साधारण अर्ज दाखल केल्यापासून मिळते. मध्येच लोकअदालतीत कंपनीने साडेतीन-चार लाख देऊ केले तर विचार करायला हरकत नाही, मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसते.

अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा, म्हणजे तुमच्याकडे साडेतीन महिने आहेत. कार गोव्याची किंवा महाराष्ट्राची असली तरी तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात तो चालतो. वकिलाची फी आधी ठरवा आणि लिहून घ्या. भरपाईत टक्केवारी मागणे वकिलांच्या नियमांत बसत नाही.