कोतवालाची लबाडी आणि तुझं दीड पान

प्रिय मित्रा,

तुझी कोतवाल पक्ष्याची चित्रफीत पाहिली, निवेदनाची दीड पानाची संहिताही वाचली. म्हशीच्या पायांपाशी उडालेला टोळ त्याने तारेवरून सूर मारून हवेतच टिपला, तो तुकडा चारदा पाहिला. पाचव्यांदा आवाज बंद केला, तेव्हा जास्त आवडला. म्हणून हे पत्र.

बीबीसीची 'आफ्रिका' मिळवून बघ. २०१३ची मालिका, सहा भाग, निवेदन निसर्गपटांचे नामवंत निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांचं. पहिल्याच भागात, कालाहारीच्या वाळवंटात, तुझ्या कोतवालाचा भाऊबंद भेटेल. खाली मीरकॅट, म्हणजे मुंगसाच्या जातकुळीतले छोटे प्राणी, वाळू उकरून किडे शोधतात, हा वर पहाऱ्याला. शिकारी पक्षी दिसला की ओरडतो, मीरकॅट बिळाकडे धूम ठोकतात. असा विश्वास बसला की एकदा आभाळ मोकळं असतानाही ओरडतो आणि त्यांनी टाकलेला घास उचलतो. पुढे त्याचं ओरडणं कुणी मनावर घेईनासं झालं, की मीरकॅटच्याच पहारेकऱ्याचा आवाज काढतो! आपल्याकडे याला कोतवाल म्हणणाऱ्याला कोतवालांचा बराच अनुभव असावा.

आता निवेदनाची चाल बघ. आधी खरा इशारा दाखवला, मग खोटा. लबाडी आपली आपणच पकडतो. तू मात्र पक्षी तारेवर नीट बसायच्या आतच 'चतुर, धूर्त शिकारी' म्हणून मोकळा झालास. मग पुढे बघायला काय उरलं? त्याच भागात रात्रीच्या पाणवठ्यावर जमणारे काळे गेंडे आहेत. एकलकोंडा म्हणून ओळखला जाणारा प्राणी, तिथे एकमेकांच्या तोंडाला तोंड लावतोय. तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ.

आणखी एक. शेवटच्या भागात, खंडाचे काही भाग वीस वर्षांत ३.५ अंशांनी तापले, असं विधान होतं. आकड्याला भक्कम आधार नाही अशी टीका झाली आणि पुनर्प्रक्षेपणात ते गाळलं गेलं. एवढ्या मोठ्या मालिकेतलं, ॲटनबरोंच्या तोंडचं वाक्य! तुझ्या संहितेत 'कोतवाल रोज पाचशे किडे खातो' आहे. कुणी मोजले? आधार सापडला तर कळव, नाहीतर खोड.

दुसरा खर्डा अर्ध्या पानात बसव. आणि म्हशीच्या गळ्यातली घंटा संगीताखाली पुरलीस, ती आधी वर काढ.

तुझा,
काका