१९व्या शतकात कॅनडाच्या दूर उत्तरेकडच्या भागातून पक्षी-प्राण्यांचे नमुने कोण आणि कसे गोळा करत असे?

नाव अमेरिकी निसर्ग-अभ्यासक रॉबर्ट केनिकॉटचं घेतलं जातं, पण खरं काम इतरांनी केलं. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संशोधन-संग्रहालय संस्थेच्या स्पेन्सर बेअर्ड यांनी त्याला १८५९मध्ये मॅकेन्झी नदीच्या प्रदेशात पाठवलं. तिथे हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश कंपनीची फरच्या व्यापाराची ठाणी होती. लांबलचक हिवाळ्यात तिथल्या अधिकाऱ्यांना विरंगुळा फारसा नसे. केनिकॉटने त्यांना पक्षी सोलायला, कातड्याला आर्सेनिक चोळून आत कापूस भरायला आणि जागा-तारखेची चिठ्ठी बांधायला शिकवलं. चिठ्ठी नसेल तर नमुना जवळजवळ निरुपयोगी. १८६२मध्ये तो परतला, तरी पेट्या येतच राहिल्या.

सगळ्यात पुढे होता फोर्ट अँडरसन या ठाण्याचा अधिकारी रॉडरिक मॅकफार्लेन. त्याने हजारो नमुने पाठवले. अर्थात घरटी शोधणारे बहुतेक डेने आणि इनुइट या स्थानिक आदिवासी समाजांतले लोक होते. मोबदला म्हणून त्यांना मणी, तंबाखू, दारूगोळा असं काहीबाही मिळे. नोंदींत त्यांची नावं क्वचितच सापडतात, हे मला खटकतं. अधिकाऱ्यांना बेअर्डकडून पुस्तकं यायची, शिवाय नाव छापून यायचं. माल बोटींतून आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून महिनोन्‌महिने दक्षिणेकडे सरकत असे.

एस्किमो कर्ल्यू या पक्ष्याच्या घरट्यांबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं मॅकफार्लेनच्या नोंदींतून आलं आहे. हा पक्षी आता बहुधा नामशेष झालाय. केनिकॉट १८६६मध्ये अलास्कात नुलाटो इथे वारला, जेमतेम तिशीत.