लिंक पाठवली, पण ग्राहक उघडत नाही: पेमेंट लिंकविषयी वाचकांचे प्रश्न

मी घरून शिवणकाम करते. नव्या ग्राहकांना पेमेंट लिंक पाठवली की “ही खरी आहे ना?” असं विचारतात. काही जण तर उघडतच नाहीत. काय करू?

त्यांचा संशय रास्त आहे, म्हणून आधी तो मनाला लावून घेऊ नका. फसवणाऱ्यांचे मेसेज असेच असतात: अनोळखी नंबर, अर्धवट वाक्य, खाली लिंक आणि ‘लगेच भरा’ची घाई. तुमचा मेसेज त्या साच्यातला वाटता कामा नये. लिंक कधीच एकटी पाठवू नका. काम ठरतानाच सांगून ठेवा, की या नंबरवरून लिंक येईल, रक्कम इतकी असेल आणि लिंक उघडल्यावर येणाऱ्या पैसे भरायच्या पानावर अमुक नाव दिसेल. मग लिंकसोबत ग्राहकाचं नाव, काम, बिल क्रमांक आणि मुदत लिहा.

पानावरच्या नावाकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. तुमच्या कामाचं नाव एक आणि पैसे भरायच्या पानावर दुसरंच कुणाचं नाव, असं झालं की ग्राहक शेवटच्या पायरीवरून परत फिरतो. आजच स्वतःला एक लिंक पाठवा आणि ग्राहकाला काय दिसतं ते पाहा. नाव बदलता येत नसेल, तर ते मेसेजमध्येच लिहा.

लिंक छोटी करून देणाऱ्या फुकट सेवा टाळा, कारण त्यात मूळ पत्ता झाकला जातो. पेमेंट कंपनी स्वतःच छोटी लिंक देत असेल, तर ती चालेल. ग्राहकाने विचारलंच, तर पत्ता कसा वाचायचा ते सांगा. ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचं नाव खरं. त्याच्याही आधी कितीही ओळखीचे शब्द जोडता येतात. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर तर अजिबात विसंबू नका. वाटेत माहिती कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते नाही. हा गैरसमज इतका पसरला होता, की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये कुलूप काढून तिथे दुसरं चिन्ह आणलं.

एवढं करूनही कुणाला लिंक नको असेल, तर आग्रह करू नका. पैसे द्यायचा दुसरा मार्ग द्या.

मराठीत एसएमएस पाठवला की एका मेसेजचे दोन-तीन मोजले जातात. असं का?

इंग्रजी लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. एक जरी देवनागरी अक्षर आलं, तरी अख्ख्या मेसेजला ७० चीच मर्यादा लागते. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘खुर्ची’ या दोन अक्षरी दिसणाऱ्या शब्दाला सहा जागा लागतात. ‘बिल ११२, खुर्ची दुरुस्ती. मुदत शुक्रवार.’ या मजकुराला ४० लागतात, म्हणजे लिंकसाठी ३० उरतात. म्हणून नमस्कार-चमत्कार फोनवर करा. पण पैसे वाचवायला मराठी सोडू नका. ग्राहकाला कळणाऱ्या भाषेतल्या मेसेजवरच त्याचा विश्वास बसतो.

ग्राहकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, मी फोटो देऊन टाकले. पैसे आलेच नाहीत.

वाईट वाटलं वाचून. स्क्रीनशॉट हे चित्र आहे, पावती नव्हे. तो बनवता येतो; किंवा तो खरा असतो, पण व्यवहार मध्येच अडकलेला असतो. जमा झाल्याचा मेसेजही खोटा येऊ शकतो. स्वतः पेमेंट कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बँक खात्यात जाऊन पाहिलेली नोंद तेवढी धरा. “खात्यात दिसलं की लगेच पाठवतो,” असं म्हटल्याने चांगला ग्राहक दुखावत नाही.

याचाच पुढचा डाव म्हणजे “चुकून जास्त गेले, फरक दुसऱ्या खात्यात पाठवा.” असं कधीच करू नका. परतावा द्यायचाच, तर मूळ व्यवहारातूनच द्या. कार्डधारक नंतर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकतो, आणि त्याची मुदत अनेक प्रकारांत १२० दिवसांपर्यंत असते. तुम्ही वेगळ्या मार्गाने पैसे दिलेले असले, तर ते दुसऱ्यांदा जातात.

एक ग्राहक म्हणतो, कार्डचा फोटो पाठवतो, तुम्हीच भरून घ्या. घेऊ का?

नाही. आला असेल, तर पुसून टाका आणि त्यांना तसं कळवा. कार्डाचे तपशील तुमच्या हाती येऊच नयेत, यासाठी तर लिंक आहे. पीसीआय डीएसएस या कार्डसुरक्षेच्या नियमांनुसार, व्यवहार मंजूर झाल्यावर कार्डाचा सीव्हीव्ही क्रमांक दुकानदाराने साठवून ठेवणं निषिद्ध आहे, अगदी सांकेतिक रूपात बदलून (एन्क्रिप्ट करून) ठेवला तरीही.

सगळ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना एकच कायमची लिंक देतो. चालेल ना?

चालते, पण महिनाअखेरीला रडवते. सारखीच रक्कम पाच वेळा जमा झाली, की कुणाची राहिली ते शोधत बसावं लागतं, आणि मग ज्यांनी भरले त्यांनाच आठवण जाते. त्या एका मेसेजने पालक जितके दुखावतात, तितके फी वाढवूनही नाही दुखावत. दर बिलाला वेगळी लिंक करा: रक्कम आधीच भरलेली, बिल क्रमांक जोडलेला, एकदाच वापरता येणारी. मुदत संपली, तर नवी पाठवण्याआधी जुनी रद्द करा. नाहीतर घरातले दोघं दोन लिंकांवर पैसे भरतात.