सरीसृपातली ‘सरी’ शेतातली नव्हे

‘सरीसृप आणि पृष्ठवंशीय प्राणी यांच्या जनुकांची तुलना’ ही शब्दरचना बरोबर आहे का, आणि ‘सरीसृप’ या जड शब्दाऐवजी ‘सरपटणारे प्राणी’ लिहिलेले चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सापाला पाठीचा कणा असतो. किंबहुना साप म्हणजे जवळजवळ नुसता कणाच. तेव्हा ‘सरीसृप आणि पृष्ठवंशीय’ म्हणणे हे ‘पुणेकर आणि माणसे’ म्हणण्यासारखे आहे, मग पुणेकरांना त्यात काही वावगे वाटो न वाटो. ‘इतर पृष्ठवंशीय’ लिहावे. ही चूक वर्तमानपत्रांत वाचून वाचून आता कंटाळा आला आहे.

खरी गंमत ‘सरीसृप’ या शब्दात आहे. शेतातल्या सरीसारखी रेघ मागे ठेवत जातो तो सरीसृप, अशी एक व्युत्पत्ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. सांगणाऱ्यांनी सऱ्या पुष्कळ पाहिल्या असतील, व्याकरण मात्र पाहिलेले नाही. ‘सृप्’ म्हणजे सरपटणे या धातूचे द्वित्व होऊन, म्हणजे त्याचा आरंभीचा भाग दोनदा येऊन, मध्ये ‘री’ येतो. ‘नृत्’पासून ‘नरीनृत्यते’ आणि ‘दृश्’पासून ‘दरीदृश्यते’ होते, तसेच हे. एरवी अशा द्वित्वाने क्रिया पुन्हापुन्हा किंवा अतिशय होते असा अर्थ निघतो, परंतु ‘नित्यं कौटिल्ये गतौ’ या सूत्रात पाणिनी बजावतो की धातू गतिवाचक असेल तर अर्थ ‘वाकडे जाणे’ एवढाच घ्यायचा. म्हणजे सरीसृप हा नुसता सरपटणारा नव्हे. तो वाकडातिकडा, नागमोडी सरपटणारा होय. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातील 162व्या सूक्तात हाच शब्द गर्भात हलणाऱ्या जिवाला लावलेला आहे. तिथे वाकडेपणा कुठून आला, असे कोणी विचारील. पोटातल्या बाळाची वळवळ ज्यांनी हाताला अनुभवली आहे, ते तो प्रश्न विचारणार नाहीत, असे माझे मत आहे आणि मी ते सोडणार नाही.

याच धातूचा ‘सर्प’, आणि लॅटिनमधला ‘सर्पेन्स’ त्याचा सख्खा भाऊ. ग्रीकमध्ये आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ होतो, त्यामुळे तिथे ‘हेर्पो’ म्हणजे सरपटतो. अंगावर सरपटत पसरणाऱ्या पुरळाला ग्रीकांनी ‘हर्पीस’ म्हटले आणि आपल्याकडे आजीबाईंनी त्याच दुखण्याला ‘नागीण’ म्हटले. दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते.

‘सरपटणारे प्राणी’ या पर्यायाविषयी मात्र पाठ्यपुस्तकी परिभाषाकारांशी माझे भांडण आहे. मगर पोट उचलून चालते, आणि ऑस्ट्रेलियातील गोड्या पाण्याची मगर तर चौखूर उधळते. हिंदीत ‘सरपट’ म्हणजे घोड्याची दौड, हा योगायोग तिला शोभतो. शिवाय जीनोमची, म्हणजे जनुकांसह पेशीतल्या संपूर्ण डीएनएची, तुलना केल्यावर हे नाव धारण करणारा गटच वाकडा निघाला. मगरीचे जवळचे नाते पालीशी नसून कोंबडीशी आहे. पक्षी बाहेर ठेवले तर ‘सरीसृप’ हे कुळ पूर्ण होत नाही, आणि आत घेतले तर चिमणी सरपटणारी ठरते. ‘सरीसृप’ लिहिल्यास निदान ते पारिभाषिक नाव म्हणून वाचले जाते. ‘सरपटणारे’ लिहिले की वाचक चिमणीकडे पाहून हसतो.

राहता राहिले वाचकाच्या वाक्यातले ‘जनुक’. ‘जीनोम’साठी ‘जनुके’ किंवा ‘जनुकसंच’ लिहिणाऱ्यांनी सापाचे पाय पाहावेत, म्हणजे नसलेले पाय. पाय घडवण्यात ज्या ‘सोनिक हेजहॉग’ जनुकाचा मोठा वाटा असतो, ते सापाजवळ शाबूत आहे. बिघाड आहे तो त्यापासून डीएनएची सुमारे 10 लाख अक्षरे दूर असलेल्या, ते जनुक पायांच्या जागी चालू करणाऱ्या तुकड्यात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरातला तो तुकडा काढून तिथे सापाचा बसवला, तेव्हा उंदराच्या पायांची वाढ खुंटली. सापाच्या तुकड्यातून गळालेली 17 अक्षरे परत घालून तोच तुकडा बसवला, तेव्हा उंदीर चारी पायांवर धडधाकट जन्मला. केवळ जनुकांची तुलना करणाऱ्याला हे दिसलेच नसते. न्यूझीलंडच्या तुआतारा या पालीसारख्या दिसणाऱ्या सरीसृपाचा जीनोम सुमारे 5 अब्ज अक्षरांचा आहे, माणसाचा सुमारे 3 अब्जांचा. म्हणून काही तुआताराची जनुके माणसापेक्षा जास्त नाहीत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी 1920 साली ‘जीन’ आणि ‘क्रोमोसोम’ यांचा सांधा जुळवून ‘जीनोम’ हा शब्द केला, तो एका संपूर्ण गुणसूत्रसंचासाठी. मराठीत तो ‘जीनोम’ असाच लिहावा.

तेव्हा वाचकाचे वाक्य ‘सरीसृप आणि इतर पृष्ठवंशीय प्राणी यांच्या जीनोमची तुलना’ असे हवे, आणि पक्षी कोणत्या बाजूला धरले आहेत ते पुढच्याच वाक्यात सांगितलेले असावे.