फ्रेंच, फॅशन की हॉस्पिटल मॅनेजमेंट?

अरे भाऊ, कोणता कोर्स घ्यावा कळंना म्हणून तिन्हीचे फॉर्म भरत बसू नको. फ्रेंच करायचं असेल तर नुसत्या डिग्रीवर भागत नाही, सोबत डेल्फ म्हणजे फ्रेंच किती येतं ते तपासणारी परीक्षा, तिची बी२ लेव्हल पास कर, ते सर्टिफिकेट कधी एक्सपायर होत नाही. फॅशन मर्चंडायझिंग म्हणजे ड्रेस डिझाईन नाही बरं का, बायरची म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची ऑर्डर, सॅम्पल, कॉस्टिंग, शिपमेंटची तारीख, सगळी डोकेफोड तीच, हिशोबाचा कंटाळा असला तर काहून जायलास? अन् आपल्याकडं मराठवाड्यात पैठणी-हिमरूचं विणकाम असलं तरी एक्स्पोर्टच्या नोकऱ्या तिरुपूर, दिल्लीकडं. हॉस्पिटल मॅनेजमेंटला डॉक्टर असायची गरज नाही, बिलिंग, इन्शुरन्स क्लेम, स्टाफच्या ड्युट्या असलं काम, संभाजीनगर-लातूरला हॉस्पिटलं लै, घर सोडायचं नसेल तर मी तर हेच घे म्हणेन. फक्त इंटर्नशिप खरंच हॉस्पिटलात होते का ते सीनियर पोरांना विचारून मगच फी भर.