परसबागेतला टोमॅटो: वाण दुकानात ठरवू नका

पाऊस ओसरायला लागला की टोमॅटोच्या वाणांची विचारणा सुरू होते. या वेळी व्यापारी प्लॉटपेक्षा घरापुरता टोमॅटो लावणाऱ्यांचे प्रश्न जास्त आहेत. त्यातले पाच घेतले आहेत. मशागत, वाफे, बांधणी तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही.

प्रश्न: घरामागे पाऊण गुंठा जागा आहे, विहिरीचे पाणी आहे. घरी खाण्यासाठी टोमॅटो लावायचा आहे. दुकानदार म्हणतो, मार्केटला जोरात चाललेल्या हायब्रीडची दहा ग्रॅमची पुडी न्या. घेऊ का? (तालुका चांदवड)

नका घेऊ. दहा ग्रॅमच्या पुडीत तीन हजारांच्या आसपास बिया असतात. पाच माणसांच्या घराला वीस झाडे रगड झाली. उरलेल्या बियांचे काय करणार, हे दुकानदार सांगत नाही.

दुसरे म्हणजे, हा वाण निवडला गेला तो क्रेटसाठी. पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारातून निघालेला माल शेकडो किलोमीटर ट्रकमध्ये दबून जातो, तरी फुटता कामा नये. म्हणून साल जाड, गर कडक, रस बेताचा. व्यापाऱ्याला तेच हवे असते. तुमचा टोमॅटो परड्यातून चुलीपर्यंत जाणार आहे. त्याला पातळ साल चालते आणि आमटीला आंबटपणा लागतो.

घरासाठी सरळ वाण घ्या, म्हणजे हायब्रीड नसलेला, ज्याचे बी घरी धरता येते. पुसा रुबी जुना आहे, फळ चपटे, कंगोरेदार, रसाळ आणि आंबट. बाजारात त्याला कोणी विचारत नाही, पण कोशिंबिरीला आणि सारालाही तोच लावा असे मी सांगतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हेही सरळ वाण आहेत. भाग्यश्रीत गर जास्त, बी कमी, म्हणून सॉस किंवा चटणी करून ठेवणाऱ्यांनी तो घ्यावा. पाण्याची ओढ असेल, ऊन जास्त लागत असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास.

एकच वाण मात्र लावू नका. वीसपैकी बारा-तेरा झाडे सरळ वाणाची, उरलेली रोगाला दाद न देणाऱ्या हायब्रीडची: अर्का रक्षक, अर्का अभेद किंवा राहुरीचा फुले राजा. वर्ष चांगले गेले तर चवीचा टोमॅटो पोटभर खाल, विषाणूचे वर्ष आले तर निदान सात झाडे उभी राहतील. हे मी ज्यांना ज्यांना करायला लावले, त्यांच्यापैकी पुन्हा एका वाणावर कोणी गेलेले नाही.

बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ट्रेमध्ये टाका. पितृपक्षात नवे काही करत नाहीत म्हणून पुष्कळ जण थांबतात आणि तिथेच पंधरा दिवस गमावतात. रोप पंचवीस ते तीस दिवसांचे झाले की लावा. दुकानदार जानेवारी-फेब्रुवारीतही 'बिनधास्त लावा' म्हणतो, कारण त्याच्याकडे पुड्या पडून असतात. तेव्हा लावलेल्या झाडाला फूल येईपर्यंत पारा पस्तिशीच्या वर गेलेला असतो आणि फूल गळते. मग तोच दुकानदार फूलगळीचे औषध देतो.

खताचे. 'झाडाला मूठभर युरिया टाका' हा सल्ला मी अजून ऐकतो. टाकू नका. सरळ वाणाला हेक्टरी 200 किलो नत्राची शिफारस आहे. 90 बाय 30 सेंटिमीटरवरच्या एका झाडाच्या वाट्याला ते सगळ्या हंगामात मिळून दहा-बारा ग्रॅम युरिया इतकेच येते, तेही तीन-चार हप्त्यांत. म्हणजे एका वेळी चिमूटभर. मूठभर टाकलेत तर झाड काळेभोर हिरवे होईल, कमरेपर्यंत माजेल, फळ धरणार नाही आणि मावा, पांढरी माशी आपणहून येईल. बुडाशी कुजलेले शेणखत अर्धे घमेले घातले असेल तर युरिया नाही दिला तरी चालेल.

प्रश्न: लावणीनंतर वीस दिवसांत शेंड्याची पाने वळून गोळा झाली, झाड खुजे राहिले. दुकानातून टॉनिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये आणून तीन वेळा फवारली, फरक नाही. (तालुका बारामती)

फरक पडणारही नाही. हा चुरडा-मुरडा, विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी पसरवते. विषाणूवर औषध नाही. टॉनिकने बरा होत नाही, सूक्ष्म अन्नद्रव्यांनी होत नाही, तीन बाटल्या एकत्र ओतल्याने तर अजिबात नाही. त्या बाटल्यांचे पैसे गेले, आता चौथी आणू नका. महिन्याच्या आत रोग आलेले झाड फळ देत नाही. ते उपटा आणि पुरा.

बंदोबस्त रोपातच करायचा असतो. ट्रेवर पहिल्या दिवसापासून 50 मेशची नायलॉन जाळी, चारी बाजूंनी मातीत दाबलेली. घरच्या ट्रेला एखादा मीटर कापड लागते. विकतची रोपे आणायचीच असतील तर उघड्यावर वाढवलेली आणू नका, कितीही ताठ दिसोत. लावणीनंतर पिवळे चिकट सापळे आणि दर आठ-दहा दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क: लिटरला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारायची.

दुकानदार सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक देईल. घेऊ नका, त्याने मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर परवानगीच नाही, तरी 'थोडेसे मारा' म्हणणारे भेटतात. ज्या डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारी असल्याची खूण आहे तो परसबागेत आणायचाच नाही. जिथे लहान मुले झाडावरचा टोमॅटो तोडून न धुता खातात, तिथे टोपणाने मापून औषध मारणे हा वेडेपणा आहे.

आणखी एक: तंबाखू मळत असाल तर हात साबणाने धुऊन मगच रोपांना लावा. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू त्या हातांनी झाडावर येतो. हसण्यावारी नेऊ नका.

प्रश्न: कोकणात दरवर्षी फळे लागायच्या वेळी हिरवीगार झाडे दोन दिवसांत माना टाकतात. बुरशीनाशकाची आळवणी केली (बुडाशी ओतले) तरी थांबत नाही. (तालुका गुहागर)

बुरशीनाशकाने थांबणार कसे? ही जिवाणूजन्य मर आहे. खात्री करायची असेल तर मेलेल्या झाडाचे बुडाजवळचे खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा. थोड्या वेळात दुधासारखी पांढरी धार खाली उतरली की समजा जिवाणू. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी इथे म्हणजे पैसे पाण्यात. दुसऱ्यांदा दुप्पट मात्रा करा म्हणून सांगतील, तेही करू नका.

आंबट जांभ्या जमिनीत, उबदार हवेत तुमच्याकडे वाणाशिवाय गत्यंतर नाही. पुसा रुबी तुमच्यासाठी नाही. अर्का आभा, अर्का आलोक हे मर रोगाला प्रतिकारक सरळ वाण आहेत, हायब्रीडमध्ये अर्का रक्षक. वांगी, मिरची, बटाटा होता त्या जागी टोमॅटो लावू नका. भात निघालेल्या खाचराच्या कडेला, पाऊस संपल्यावर, उंच वाफ्यावर लावा. भाताच्या साचलेल्या पाण्यात हा जिवाणू कमी होतो. मेलेले झाड मुळासकट काढून जाळा. उकिरड्यावर टाकाल तर शेणखतातून रोग परत वाफ्यात येईल.

प्रश्न: परसबागेसाठी काही योजना? ठिबकला अनुदान?

बचत गटात असाल तर उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) पोषण परसबागेची चौकशी गटातच करा. ठिबकसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज असतो, पण पाऊण गुंठ्यासाठी त्यात पडू नका. वीस झाडांना झारी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन पुरते.

प्रश्न: घरचे बी धरता येते का? दुकानदार म्हणतो, घरच्या बियाण्याला रोग येतो.

सरळ वाणाचे येते. टोमॅटोचे परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात होते, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी फारसे बिघडत नाही. हायब्रीडचे धरू नका, पुढच्या पिढीत झाडे सारखी निघत नाहीत.

पाने वळलेल्या किंवा मोझॅक आलेल्या झाडाचे बी घ्यायचे नाही, फळ कितीही सुंदर असो. निरोगी झाडावरचे मधल्या घोसातले, पूर्ण पिकलेले फळ घ्या. गर बियांसकट काचेच्या भांड्यात दोन दिवस आंबू द्या, मधून ढवळा. वर तरंगणारे ओतून द्या, तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवा आणि कोरड्या बाटलीत ठेवा. पेरताना किलोला पाच ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे तुमच्या चमचाभर बियाला बोटाच्या चिमटीत मावेल एवढे, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा.

पहिल्या वर्षी विकत घ्याल ते बी सुटे घेऊ नका. पुडीवर लॉट नंबर, उगवणीचा टक्का (टोमॅटोला किमान 70) आणि वापरण्याची शेवटची तारीख वाचा, पक्के बिल मागा. बिल द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला तर पुडी काउंटरवरच ठेवून या.